यंत्राच्या खिडकीतला आकडा

मलकापूर
रविवार, १८ ऑक्टोबर १९८७

प्रिय माणिकदादा,

दर महिन्याला तुला एक निळं हवाई पत्र जातं. त्यात मावेल तेवढंच लिहायचं, अशी सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. प्रकृती बरी, नळाला पाणी एक दिवसाआड, यंदा कपाशी लवकर फुटली, बाबा काल पुन्हा यंत्राशी जिंकले. एवढ्यात जागा संपते, आणि ती संपली की मला सुटल्यासारखं वाटतं. आज मात्र वहीचे कागद घेऊन बसले आहे. दिवाळी चार दिवसांवर आली आहे. एक्सचेंजमध्ये उद्यापासून ट्रंककॉलची झुंबड उडेल, मग डोकं वर काढायला फुरसत मिळणार नाही. बाबा बाहेर बाजेवर उन्हात बसले आहेत. शेजारच्या सत्यभामाबाईंनी त्यांच्यापुढे शेंगांची टोपली ठेवली आहे. ते एकेक शेंग अगदी मन लावून फोडतात आणि दाणे आणि टरफलं परत त्याच टोपलीत टाकतात. सत्यभामाबाई बाजूला बसून दाणे वेचून घेतात. मी खिडकीतून हे बघत तुला लिहिते आहे.

तुला आठवतं ना, पुंजाजीकाका गेले त्या साली बाबांनी बुद्धिबळाचा पट गुंडाळून कपाटावर टाकून दिला होता. मालगोदामातली दोघांची तीस वर्षांची जोडी. मालगाडीच्या वाघिणी भरून होईपर्यंत कापसाच्या गाठीवर पट मांडून बसायचे. ते गेल्यावर बाबा दोन-दोन दिवस तोंडातून शब्द काढायचे नाहीत. मी तुला तसं कळवलं, आणि तू लिहिलंस की बाबांसाठी जोडीदार पाठवतो. तुझे ते नागपूरचे स्नेही गाडी मलकापूरला थांबली तेवढ्यात खिडकीतून खोकं माझ्या हातात देऊन पुढे निघून गेले. नीट नमस्कारसुद्धा झाला नाही. घरी आणून उघडलं तर आत काळा-करडा पट, पटाच्या कडेला लाल दिव्यांची रांग, आणि उजवीकडे आगपेटीएवढी एक खिडकी. बाबा लांबूनच बघत होते. म्हणाले, याला तोंड कुठे आहे?

सोबतचं पुस्तक जर्मन आणि इंग्रजीत होतं. मी शब्दकोश घेऊन बसले, सव्वा महिना लागला. मोहरा उचलताना त्या घरावर किंचित दाबायचा, ठेवताना पुन्हा दाबायचा, मग यंत्र विचार करतं आणि आपली चाल कडेच्या दिव्यांनी दाखवतं. एवढं बाबांना पहिल्या आठवड्यातच जमलं. पण पुस्तकाच्या शेवटी एक प्रकरण होतं, ते मी सर्वांत उशिरा वाचलं. ‘इन्फो’ नावाची एक कळ होती. ती एकदा दाबली की खिडकीत आकडा यायचा. डावात कोण किती पुढे आहे, ते प्याद्यांच्या हिशेबात. एक म्हणजे एक प्यादं, तीन म्हणजे एक घोडा किंवा उंट. आकड्याच्या आधी छोटी आडवी रेघ असली की यंत्र मागे आणि बाबा पुढे. रेघ नसली की यंत्र पुढे. पुन्हा दाबलं की ते किती चाली पुढचं बघतं आहे ते कळायचं, आणि आणखी दाबलं की त्याच्या मते पुढे काय काय होणार, त्या सगळ्या चाली एकामागून एक. बाबांना याचं फार नवल वाटलं. म्हणायचे, पुंजाजी चाल मनात ठेवून मिशीत हसायचा, हा बिचारा सगळं सांगून टाकतो.

बाबांना पट दिसायचा, मोहरे दिसायचे, पण खिडकीतले ते बारीक लाल आकडे दिसायचे नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी उजव्या डोळ्यात काही राम उरला नव्हता. म्हणून ते आकडे वाचायचं काम माझ्याकडे आलं. दादा, तुला हे कधी लिहिलं नाही, आज लिहिते. तू ते यंत्र बाबांसाठी पाठवलंस, पण ते मिळालं मला.

लहानपणी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये बाबा तुला शिकवायचे, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून बघायची. आई म्हणायची, पोरीच्या जातीला काय करायचं ते, उठ, पीठ मळ. बाबा काहीच म्हणायचे नाहीत. घोडा कसा चालतो ते मला तू चुकत होतास त्यावरून कळलं. तू चुकलास की बाबा तुझ्या डोक्यावर टपली मारायचे आणि हसायचे. मला त्या टपलीचा हेवा वाटायचा. मग तू नागपूरला गेलास, तिथून तिकडे परदेशात. आई आजारी पडली. दुसरबीडचं स्थळ वर्षभर थांबलं आणि मग थांबेनासं झालं. आई गेली. बाबा आणि मी एका घरात राहिलो, पण जेवायला वाढलंय आणि दूधवाला आला होता, यापलीकडे आमच्यात बोलणं नव्हतं. दिवसभर कानाला हेडफोन लावून मी गावाची बोलणी जोडून द्यायची. लग्नं ठरायची, माणसं जायची, मालाचे भाव फुटायचे, सगळं माझ्या हातून जायचं. संध्याकाळी घरी आलं की आमच्या दोघांत भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलायचं.

यंत्र आल्यावर ते बदललं. सहाला मी आले की बाबांनी मोहरे मांडून ठेवलेले असायचे. मी चहा टाकायच्या आधीच विचारायचे, आज कोणती बाजू घेऊ. डाव सुरू झाला की दर चार-पाच चालींनी त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा. “रेघ हाये का वं?” मी कळ दाबायची, वाचायची. असली की ते मांडीवर हात आपटायचे. नसली की पटावर आणखी वाकायचे. डाव संपला की आम्ही तो मागे न्यायचो. यंत्रात चाली परत घ्यायची सोय आहे, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून त्याचा आकडा बघता येतो. मी वहीत तीन रकाने आखले होते. बाबांची चाल, यंत्राला जी चाल बरी वाटत होती ती, आणि आकडा. इथे तुम्ही हत्ती हलवलात तोवर रेघ होती, हलवल्यावर गेली, असं मी सांगायची, आणि ते दोन्ही हात डोक्याला लावून बसायचे. मग का गेली त्यावर आमचा वाद व्हायचा. यंत्राने दाखवलेल्या चाली मी वाचत जायची आणि ते पटावर हलवून बघायचे. हळूहळू कळ दाबायच्या आधीच मी मनाशी आकडा धरू लागले, आणि तो फारसा चुकेनासा झाला. हे त्यांना सांगितलं नाही. पण त्या दोन तासांत बाबा माझ्याशी जेवढं बोलले तेवढं त्याआधीच्या तीस वर्षांत बोलले नव्हते.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत ते यंत्राच्या चौथ्या पातळीवर जिंकले. तो डाव खराच जिंकले, दादा. तुला मी लिहिलं होतं आणि तू परत लिहिलंस की ऑफिसात पेढे वाटले असते, पण इथे पेढे मिळत नाहीत. ते पत्र बाबांनी उशीखाली ठेवलं होतं.

डॉक्टरांच्या आधी मला वहीने सांगितलं. दसऱ्यानंतरची पानं मी कितीदा चाळली असतील. उन्हाळ्यात त्यांची चाल आणि यंत्राची चाल दहापैकी सहा वेळा एकच असायची. दसऱ्यापर्यंत ती तीनवर आली. मला वाटलं, थकले असतील, ऊन बाधलं असेल. मग एका संध्याकाळी त्यांनी वजीर उचलला आणि सरळ प्याद्याच्या तोंडात ठेवला. घाईत नाही, चांगला विचार करून. खिडकीतला आकडा पाऊणवरून नऊवर गेला. त्यांनी विचारलं, रेघ हाये का. आणि मी म्हणाले, आहे.

ते पहिलं खोटं. त्यांनी मांडीवर हात आपटला. त्यानंतर मला थांबता आलं नाही. यंत्राची चाल सांगणारे दिवे आता त्यांना अंधुकच दिसायचे, म्हणून यंत्राचे मोहरे मीच हलवत होते. दिवा एका घरावर लागायचा आणि मी ती चाल परत घेऊन यंत्राच्या वतीने मोहरा दुसऱ्याच घरात ठेवायची, जिथून बाबांना तो मारता येईल असा. यंत्रानं त्यांचा वजीर मारायचा सोडून आपला उंट द्यायचा. तुला सांगते, जिंकण्यापेक्षा हे अवघड होतं. समोरच्याला कळू न देता हरायचं म्हणजे त्याला काय दिसतंय आणि काय दिसत नाहीये हे दोन्ही ओळखावं लागतं. आधी थोडंच हरावं लागायचं, मग जास्त, मग इतकं की एखादं लहान मूलही हसलं असतं. बाबा हसले नाहीत. ते जिंकत होते आणि मी तुला लिहीत होते की बाबा जिंकले. निळ्या पत्रात तेवढीच जागा असते.

जानेवारीत त्यांना अकोल्याला दाखवलं. वयामुळे मेंदू आक्रसतो आहे म्हणाले, औषध नाही, शांत ठेवा, ओळखीच्या जागी ठेवा. तुला मी लिहिलं, डोळे दाखवायला अकोल्याला नेलं होतं. त्यानंतर ते दोनदा घरातून निघून मालगोदामात जाऊन बसले. तिथल्या नव्या बाबूंनी त्यांना चहा पाजून घरी आणून सोडलं. तेव्हापासून मी ड्युटीवर असताना सत्यभामाबाई येऊन बसतात.

जूनमध्ये एका रविवारी ते खेळता खेळता थांबले, आणि त्यांनी आपला राजा उचलून घोड्यासारखा अडीच घरं उडवला. यंत्राने टीं करून नकार दिला. त्यांनी परत तसंच केलं, परत टीं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. “राजा एक डाव अडीच घरं जाते. ह्याले ठाऊक नाही काय?” मला आधी कळलंच नाही, मग आठवलं. आपल्याकडच्या जुन्या खेळात राजाला एकदा तशी उडी असायची, पुंजाजीकाकांशी ते आधी तसंच खेळायचे. तू बाहेरचे नियम आणलेस, तेव्हा ही उडी जाऊन राजा-हत्तीचा किल्लेकोट आला म्हणून बाबा आठ दिवस तुझ्याशी भांडले होते. नंतर वीस वर्षं ते तुझ्या नियमांनी खेळले. आता ते सगळं पुसून खालचं जुनं वर आलं होतं. मी उठून भिंतीतला प्लग काढला. दिवे विझले, खिडकी काळी झाली. म्हटलं, बाबा, बरोबर आहे, जाते अडीच घरं. ते परत खेळायला लागले. दिवे नाहीत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. तेव्हापासून बाबांपुढचं ते यंत्र नुसता पट आहे. मधूनमधून ते विचारतात, रेघ हाये का, आणि मी काळ्या खिडकीत बघून सांगते, आहे.

यंत्राशी खोटं बोलायची सोय नाही. ते चांगलं चाललं असेल तर सांगतं, वाईट चाललं असेल तर सांगतं, आणि किती वाईट तेही सांगतं. वाईट वाटून घेत नाही. मला ते कधीकधी बरं वाटायचं. सुटीच्या दुपारी बाबा झोपले की मी प्लग लावायची आणि स्वतःशी काही लपवायचं नसलं म्हणजे कसं वाटतं ते बघायची.

आता जे लिहायचं आहे ते तीन आठवड्यांपूर्वीचं. त्या दिवशीही रविवार होता, अशीच दुपार. बाबांनी मोहरे मांडले होते, दोन घोडे एकाच बाजूला. मी ते सरळ केले आणि आम्ही बसलो. पाच-सहा चाली झाल्या. मी माझा हत्ती त्यांच्या उंटापुढे ठेवला, तसे ते वर बघून एकदम स्वच्छ आवाजात म्हणाले, “माणक्या, काऊन मुद्दाम हरून राह्यला बे?”

मला त्यांनी आयुष्यात कधी ‘बे’ म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, नाही बाबा. त्यांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर टपली मारली. तीच ती. मग राजा हातात घेऊन त्याच्याकडे बघत बसले. मला वाटलं, गेलं ते, विसरले. पण ते सावकाश बोलले. “कोकिळेले शिकवजो थोडं. उंबऱ्यात बसून पाह्यते ते पोरगी. तिची नजर तुह्यापेक्षा तेज हाये. मी नाही शिकवलं तिले. माह्यं चुकलं.”

मी म्हटलं, “हो बाबा, शिकवतो.”

शिकवतो, असंच म्हटलं. ते समाधानाने मान हलवून आडवे झाले आणि झोपले. मी मोहरे डब्यात भरले. एक घोडा सापडेना, तो त्यांच्या मुठीत होता. नंतर मी परत दोन-तीनदा तो विषय निघावा म्हणून मुद्दाम वाईट खेळले, पण तो निघाला नाही. आता निघणारही नाही. जे त्यांनी मला सांगायला हवं होतं ते त्यांनी तुला सांगितलं, आणि ते तुझ्या वतीने मी ऐकून घेतलं. म्हणून ते तुझ्यापर्यंत पोचवते आहे. डिसेंबरात तू आणि वहिनी याल तेव्हा ते तुला ओळखतील असं धरून चालू नकोस. एखाद्या वेळी पुंजाजी म्हणतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत. मनाला लावून घेऊ नकोस. समोर बस, पट मांड, आणि राजाला अडीच घरं जाऊ दे.

तुझं पत्र बुधवारी आलं, त्यामुळे हे सगळं लिहावं लागलं. आषाढात तू बाबांचे जिंकलेले डाव मागितलेस, तुझ्या तिथल्या बुद्धिबळ मंडळातल्या लोकांना दाखवायला. मी चार डाव उतरवून पाठवले. आता तू लिहितोस की तिथले लोक ते पुन्हा पुन्हा मांडून बघतात, तिसऱ्या डावात हत्ती दिला ती चाल यंत्राला शेवटपर्यंत कशी दिसली नाही याची चर्चा होते, आणि मंडळाच्या अंकात ते चारही डाव बाबांच्या फोटोसह छापायचे आहेत, फोटो पाठव. दादा, मी फोटो पाठवत नाही. ते डाव बाबांचे नाहीत. बाबांच्या हातून तेव्हा वजीरसुद्धा धड राहत नव्हता, आणि तुला नाही म्हणायचं माझ्याने झालं नाही. ते डाव मी खेळले, दुपारी, ते झोपलेले असताना, सहाव्या पातळीवर. त्रेचाळीस हरले आणि चार जिंकले, ते चार तुझ्याकडे आहेत. वहीत मी वर बाबांचं नाव घातलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही, पण बुधवारी तुझं पत्र वाचताना वाटलं. हत्ती दिला तेव्हा खिडकीत साडेचार आकडा होता, रेघ नव्हती, यंत्र म्हणत होतं की मी बुडाले. मला मात्र सहा चाली पुढचं दिसत होतं, आणि ते सांगायला घरात कोणी जागं नव्हतं. तुला सांगते आहे. छापू नका असं म्हणत नाही. छापा, पण नाव बदला, आणि खाली सही केली आहे तसं पूर्ण लिहा.

तुझीच,
कोकिळा उकंडराव नारखेडे